मलबार, कोकण इत्यादी: लंडनच्या हर्बेरियममध्ये चार दिवस

क्यू गार्डन्स स्टेशनवर उतरलं की सगळी गर्दी बागेच्या व्हिक्टोरिया गेटकडे वळते. तुम्हाला तिथल्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, जायचं असेल तर त्या गर्दीमागे जाऊ नका. ही इमारत क्यू ग्रीन नावाच्या हिरवळीच्या कडेला, एलिझाबेथ गेटजवळ आहे. मी गर्दीमागे गेलो आणि मग ठरलेल्या वेळेला धापा टाकत पोहोचलो.

आधीच सांगतो, हे संग्रहालय सहज डोकावून बघायचं नाही. पाहायला काय हवंय आणि कशासाठी, हे कित्येक आठवडे आधी ईमेलने कळवावं लागतं. मी वनस्पतिशास्त्रज्ञ नाही. माझा मित्र सह्याद्रीतल्या तेरड्यांवर काम करतो आणि त्याच्या यादीतल्या काही शीट, म्हणजे वाळवलेली झाडं चिकटवलेले कागद, मी पाहून येणार होतो. हा ठरावीक प्रश्नच उपयोगी पडला. 'जुने नमुने बघायला आवडतील' एवढंच लिहिलं असतं तर मला बहुधा बागेचं तिकीट काढायचा सल्ला मिळाला असता.

आत गेल्यावर बॅग बाहेर ठेवायची, पेनही बाहेर. फक्त पेन्सिल चालते. १८७७ साली बांधलेल्या भागात पाऊल टाकलं आणि मी काही क्षण नुसता वर बघत राहिलो. लोखंडी गोल जिने, कठड्यांचे सज्जे, मजल्यामागून मजले कपाटांचे. क्यूच्या संग्रहात सत्तर लाखांवर नमुने आहेत, हा आकडा वाचून काही होत नाही. एक कपाट उघडून त्यातल्या एका खणातल्या फोल्डरांची चळत पाहिली की तो अंगावर येतो.

मांडणी आधी कुळानुसार, मग प्रजाती, मग जाती आणि भूप्रदेश अशी असते. मी मित्राच्या यादीतलं एक जुनं नाव घेऊन अर्धा तास चुकीच्या खणात शोधत बसलो. त्या जातीचं नाव केव्हाच बदललं होतं! तेव्हा निघण्यापूर्वी प्रत्येक नावाची सध्याची आणि जुनी रूपं लिहून घ्या. शक्य असेल तर शीटचा बारकोड क्रमांकही घ्या. क्यूने लाखो शीटचे फोटो ऑनलाइन ठेवले आहेत. तिथे आधी पाहून घेतलं तर अर्ध्या शीट मागवाव्याच लागत नाहीत.

फोटोत न दिसणारं काय असतं, ते तेरड्याने शिकवलं. वाळवायला इतकं हट्टी झाड क्वचितच सापडेल. फूल पाणीदार आणि पातळ, दाबलं की कागदाला चिकटून त्याचा पारदर्शक डाग होतो आणि पाकळी कुठली, सोंड कुठली, काही कळत नाही. क्यूचे एकेकाळचे संचालक जोसेफ हूकर यांनी हिमालय पालथा घातला, भारताच्या वनस्पतींचा सात खंडांचा ग्रंथ पुरा केला आणि आयुष्याची शेवटची वर्षं याच तेरड्यांना दिली. १९११ साली वयाच्या ९४व्या वर्षी ते गेले, तोवर काम चालूच होतं. वाळकं फूल गरम पाण्यात भिजवायचं, सुईने उलगडायचं, भिंगाखाली बघायचं. शीटवर चिकटवलेल्या छोट्या कागदी पाकिटांत असे सुटे तुकडे असतात. परवानगी असेल तरच ते उघडा, आणि श्वास जपून घ्या. मी हे गमतीत म्हणत नाही, पाकळी खरंच उडते.

आता ज्यासाठी हा लेख लिहितोय ती गोष्ट. शीटवर बघायचं ते झाड नव्हे, आधी उजवा खालचा कोपरा. तिथे लेबल असतं: कोणी, कुठे, कधी गोळा केलं. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर ज्या शीटची मी सगळ्यात आतुरतेने वाट पाहत होतो ती आली. लेबल हूकर आणि थॉमसन यांच्या भारतीय संग्रहाचं, छापील. ठिकाण: 'मलबार, कोकण इत्यादी'. संग्राहक: 'स्टॉक्स, लॉ इत्यादी'. तारीख नाहीच.

मला हसू आलं आणि मग चीडही आली. मलबार कुठे, कोकण कुठे! झाड वेंगुर्ल्याचं की वायनाडचं, काहीही असू शकतं. आणि त्या दुसऱ्या 'इत्यादी'त कोण कोण असेल? घाट चढताना झाडं दाबून वाळवायच्या पट्ट्यांचं ओझं वाहणारा, 'हे फूल त्या कड्याखाली मिळतं साहेब' असं सांगणारा कोणीतरी नक्कीच असेल. पश्चिम घाटावर काम करणाऱ्या प्रत्येकाला हे लेबल तोंडपाठ आहे, असं मित्राने नंतर सांगितलं. त्याच्या आवाजात सहानुभूती नव्हती, करमणूक होती.

लेबलाखेरीज शीटवर नंतरच्या अभ्यासकांच्या चिठ्ठ्या असतात. एकाने लिहिलं ही अमुक जात, चाळीस वर्षांनी दुसऱ्याने लिहिलं नाही, ही तमुक. शंभर-दीडशे वर्षं चाललेला हा वाद एका कागदावर वाचायला मिळतो. सगळ्या चिठ्ठ्या उतरवून घ्या, शेवटचीच खरी असं धरू नका. लाल फोल्डर दिसला तर त्यात टाइप नमुना आहे, म्हणजे ज्याच्या आधारावर त्या जातीचं नाव ठरलं तो. नावावरून भांडण झालं की निकाल तोच देतो.

शीट पुस्तकाच्या पानासारखी उलटायची नाही. आडवीच उचलायची, आडवीच ठेवायची. मी पहिलीच शीट उलटायला गेलो आणि शेजारच्या टेबलावरून एक दबका उद्गार ऐकू आला. हातमोजे घाला, निदान काम झाल्यावर हात स्वच्छ धुवा. जुन्या नमुन्यांना किडीपासून वाचवायला पाऱ्याचं क्लोराइड लावत, आणि ते अजून कागदात आहे. हल्ली किडीसाठी नमुने थंडीत गोठवतात.

तारीख असली की काय होतं, त्याचं माझं आवडतं उदाहरण एका छोट्या ऑर्किडचं आहे. कोळ्यासारखं फूल येणाऱ्या इंग्लंडमधल्या या जातीच्या १८४८ ते १९५८ मधल्या शीट संशोधकांनी घेतल्या आणि फुलोऱ्याच्या तारखा त्या त्या वर्षांच्या हवामानाशी ताडून पाहिल्या. वसंतातलं तापमान एक अंशाने वाढलं की फूल साधारण सहा दिवस आधी येतं, हे त्यातून दिसलं. गोळा करणाऱ्यांच्या स्वप्नातही हवामानबदल नव्हता. त्यांनी फक्त तारीख लिहिली होती. तसंच २०१३ साली क्यू आणि म्युनिकच्या संग्रहांतल्या बटाट्याच्या वाळक्या पानांतून डीएनए काढून आयर्लंडच्या दुष्काळाला कारण ठरलेल्या करपा रोगाच्या जंतूचा वाण ओळखला गेला. तो आधी समजला गेला होता त्याहून वेगळा निघाला.

तिसरा दिवस पिकॅडिलीवरच्या बर्लिंग्टन हाउसमध्ये, लिनियन सोसायटीत. संग्रह पाहायच्या सहलीत जागा मोजक्याच असतात, म्हणून नोंदणी फार आधी करा. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचा संग्रह १७८४ साली जेम्स एडवर्ड स्मिथ या तरुणाने विकत घेऊन लंडनला आणला. साधारण चौदा हजार शीट, तळघरातल्या तिजोरीसारख्या खोलीत. कोपऱ्यात काय लिहिलंय हे पाहायला मी उत्सुकतेने वाकलो, तर अनेक शीटवर नुसतं जातीचं नाव नाहीतर आकडा. कुठलं झाड, कधीचं, पत्ता नाही! वनस्पतींना दोन शब्दांची नावं द्यायची रीत रुजवणाऱ्या माणसाची ही तऱ्हा पाहून माझा 'कोकण इत्यादी'वरचा राग बराच निवळला.

नॅचरल हिस्टरी म्युझियमला मी अर्धाच दिवस दिला आणि तोही प्रदर्शनातच गेला. वनस्पतींचा संग्रह पाहायला तिथेही आधी परवानगी लागते. तिथली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. १९४० मध्ये बॉम्बहल्ल्यात आग लागली, ती विझवायला पाणी मारलं आणि आपल्या शिरीषाच्या एका चिनी भावंडाच्या बिया शीटवरच रुजल्या. त्या १७९३ साली गोळा केलेल्या होत्या.

आठवड्याच्या कामाच्या दिवशीच जा, भिंग स्वतःचं न्या, आणि दिवसाला दहापेक्षा जास्त शीट नीट वाचून होतील या भ्रमात राहू नका. शेवटच्या दुपारी बागेचंही तिकीट काढा. क्यूच्या हर्बेरियममध्ये १७७ वर्षं पडून असलेला एक कमळवर्गीय नमुना वेगळीच जात आहे, हे २०२२ साली जाहीर झालं: व्हिक्टोरिया बोलिव्हियाना, जगातली सर्वांत मोठी पाणलिली. उन्हाळ्यात गेलात तर ती काचघरात जिवंत बघायला मिळते. तिथे मात्र पेन चालतं.