सोनं गेलं, धूळ राहिली

"ही धूळ टाकायची नसते, ताई. झारेकरी विकत नेतो, धुऊन त्यातलं सोनं काढतो," कोल्हापूरच्या गुजरीतला, सराफ पेठेतला, कारागीर म्हणाला. गळ्यातल्या साजाची सोन्याची पानं बाजूला ठेवून त्यानं पाटाखालचं सगळं मऊ ब्रशनं डब्यात लोटलं. चिमूटभरही सांडू दिलं नाही.

तेव्हापासून डोक्यात कोलार घोळतंय, कर्नाटकातली सोन्याची खाण.

१८८०च्या सुमारास जॉन टेलर कंपनीनं तिथं काम सुरू केलं. १९०२ला कावेरीवरच्या शिवनसमुद्र वीजकेंद्राहून वीज आली ती आधी खाणीला, बंगळुरूला १९०५मध्ये. खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. एवढ्या खाली दगड भाजतो, दाबानं फुटून अंगावर येतो. माणसं तरी रोज उतरायची! टनामागे मिळणारं सोनं मात्र घटत गेलं, खर्च परवडेना. २८ फेब्रुवारी २००१ला खाण बंद.

मागे राहिले सोनं काढायला सायनाइडनं धुतलेल्या मातीचे डोंगर. वारा सुटला की ती धूळ घराघरांत शिरते. खाणकामगारांची मुलं पहाटेची रेल्वे पकडून बंगळुरूला कामाला जातात. थकबाकीसाठी, राहत्या घरांच्या मालकीसाठी कामगार वर्षानुवर्षं भांडतायत.

सव्वाशे वर्षं देशाला सोनं देणाऱ्या गावाला डोक्यावरचं छप्परही भांडून मिळवावं लागावं?