बिलाला टाचलेली किल्ली

दुपारी अडीचच्या सुमारास पावसात गुलमोहर कोसळला तो थेट विद्यापीठाला येणाऱ्या लाईनवर. लाईट गेली. आमच्या विद्युत विभागाला जुलैत याचं नवल नाही. पण त्या दिवशी जैवतंत्रज्ञानाच्या इमारतीत कार्ड-यंत्रणेच्या बॅटऱ्याही बसल्या, आणि तळमजल्यावरच्या दोन कार्डवाल्या दारांनी अगदी उलटे रंग दाखवले.

मुख्य दाराला चुंबकी कुलूप. 12 व्होल्ट मिळतायत तोवर ते 280 किलोंचा जोर धरतं. वीज गेली की चुंबक मेला, दार मोकळं. आग लागली तर माणसं कोंडू नयेत म्हणून ते मुद्दामच तसं असतं. वॉचमनकाका मात्र हवालदिल. त्यांनी कुठूनशी साखळी आणि जुनं कुलूप पैदा केलं. "लावू का साहेब?" वरच्या मजल्यांवर मुलं होती. साखळी काढून घेतली आणि म्हटलं, काका, खुर्ची टाकून दारातच बसा.

खरी पंचाईत फ्रीझरच्या खोलीपाशी. तिथलं कुलूप दुसऱ्या जातीचं, वीज गेली की बंदच राहणारं. आतून हँडल फिरवून बाहेर पडता येतं. बाहेरून मात्र कार्ड, नाहीतर किल्ली. आतला फ्रीझर उणे 80 अंशांचा. दाराच्या काचेतून आकडा दिसत होता, उणे 68, आणि अलार्म कोकलत होता. पीएचडीची एक मुलगी काचेला नाक लावून उभी. तिचे सगळे नमुने त्यात. वायरमनने जनरेटरवरून केबल ओढत दारापर्यंत आणून ठेवली होती, पण आत न्यायची कुठून?

विभागाच्या फळ्यावर किल्ली होती, ती लागेना. कार्ड बसवताना कुलूपच बदललेलं. ठेकेदाराला फोन लावला, तर तो म्हणे, "हँडओव्हरच्या कागदांसोबत दिल्यात की." ते कागद बिलासोबत, आणि बिल लेखा विभागात. मोबाईलच्या उजेडात फाईल निघाली. शेवटच्या पानाला प्लास्टिकची पिशवी स्टेपल केलेली, आत दोन किल्ल्या, तेलकट, कोऱ्या करकरीत. मी पिन उचकटायला गेलो तर लेखनिक म्हणाले, "फाईलीतलं काही काढायचं तर टिपणी लागेल." वाद घालण्यात वेळ गेला असता. तिथंच उभ्या उभ्या टिपणी खरडली, सही ठोकली आणि पावसातून पळत सुटलो.

केबल आत गेली तेव्हा आकडा उणे 61 होता. वाचलं.

"बघा, आपलं साधं कुलूपच बरं होतं," विभागप्रमुख सर म्हणाले. मला नाही पटत. जुडगा हरवला की इमारतभर कुलपं बदलायची पाळी यायची. कार्ड हरवलं तर मिनिटात बाद करता येतं. मास्टर किल्लीचं कौतुक तर नकोच. एका खोलीची साधी किल्ली, थोड्या खाचा न पाडलेल्या कोऱ्या किल्ल्या आणि कानस एवढ्यावर अख्ख्या इमारतीची मास्टर किल्ली घडवता येते, हे अमेरिकेतले संगणक-सुरक्षा संशोधक मॅट ब्लेझ यांनी 2003 मध्ये दाखवून दिलंय. आमच्याकडे लाखाची यंत्रणा घेताना लाईट गेल्यावर कुठलं दार काय करणार आणि तेव्हा किल्ली कुणाच्या हाताशी असणार, एवढंच कुणी विचारलं नव्हतं. बॅटऱ्याही बसवल्या दिवसापासून त्याच.

बॅटऱ्या बदलल्या. किल्ल्या आता सुरक्षा चौकीत, काच फोडून काढायच्या डब्यात आहेत. पुढच्याच आठवड्यात लेखा विभागाचं पत्र आलं : "बिलासोबतचे दस्तऐवज (किल्ली, नग 2) तात्काळ परत जमा करावेत."