मशेरीला कोणी तंबाखू म्हणत नाही

पाखाडीच्या, म्हणजे वाडीत उतरणाऱ्या पायऱ्यांच्या वाटेच्या, शेवटच्या दहा-बारा पायऱ्या राहिल्या असताना तो वास आला. तव्यावर तंबाखूची पानं करपवताना येतो तो, नाकात झोंबणारा. माझी आजी दर आठवड्याला भाजायची, त्यामुळे मी तो कुठेही ओळखते. पण त्या दिवशी डोक्यात मोजायची टेप, पायऱ्यांची उंची आणि कमोडची खुर्ची असलं सगळं होतं. कोणाच्या तरी घरात मशेरी भाजतायत, एवढं मनात आलं आणि मी पुढची पायरी उतरले.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. रत्नागिरीत छोटासा दवाखाना आहे, आणि आठवड्यातले दोन दिवस स्कूटी घेऊन आसपासच्या गावांत रुग्णांच्या घरी जाते. त्या दिवशी पावस गावाच्या अलीकडच्या एका वाडीत गेले होते. एप्रिल महिना, उकाडा मरणाचा. अठरा दिवसांनी तिथल्या माझ्या एका रुग्णाचं, काकींचं, कमरेचं ऑपरेशन कोल्हापुरात ठरलं होतं. चौथा मणका पाचव्यावरून पुढे सरकलेला, आतली नसांची जागा आवळलेली. नसांवरचा दाब काढायचा, दोन मणके स्क्रू आणि सळ्यांनी धरायचे, मधे हाडाचा चुरा भरायचा आणि दोन्ही मणके एकजीव व्हायची वाट बघायची, असं ते ऑपरेशन.

काकी अठ्ठावन्न वर्षांच्या. लावणी, बेणणी, विहिरीचं पाणी, आणि हंगामात आंब्याच्या पेट्या भरणं, म्हणजे आयुष्यभर वाकूनच काम. वर्षभर आम्ही व्यायाम केले, गोळ्या झाल्या, मणक्यात इंजेक्शनही झालं. तरी दुकानापर्यंत जाताना तीनदा गडग्यावर, दगडी कुंपणावर, टेकावं लागायचं. बसलं की पाय मोकळे, उभं राहून चाललं की पुन्हा पोटऱ्या भरून यायच्या. उजव्या पायाचा अंगठा वर उचलायची ताकद कमी व्हायला लागली, तेव्हा मीच म्हटलं, आता सर्जनना दाखवू या.

घर पाहणं हे माझ्या कामातलं सगळ्यात आवडतं काम. दवाखान्यात माणूस कळतो, तो जगतो कसा हे घरातच कळतं. कॉट इतकी खाली की बसल्यावर गुडघे कमरेच्या वर. काकांना म्हटलं, चारी पायांखाली चिऱ्याचे तुकडे घाला. संडास परसात, उकिडवं बसायचा. तिथे कमोडची खुर्ची. तांदळाचा डबा ओट्याखालच्या फळीवर, तो ओट्यावर. गॅस असला तरी भाकरी चुलीवर, आणि चूल जमिनीवर. चुलीला तीन महिने सुट्टी. काकी हसल्या, "मग ह्येंका भाकरी कोण घालणार?" काका ओटीवर सुपारी कातरत होते, ते काही बोलले नाहीत.

मग कॉटवर कुशीला वळायचं शिकवलं. खांदे आणि कंबर एकाच वेळी, मधे पीळ नाही, लाकडाचा ओंडका लोटतात तसं. हे ऑपरेशनच्या आधीच अंगवळणी पाडावं लागतं. नंतर दुखत असताना कोणी शिकत नाही. तीन 'व' पाठ करून घेतले: वाकायचं नाही, वळायचं नाही (म्हणजे कमरेत पीळ नाही), वजन उचलायचं नाही.

काकींनी तीन-चारदा छान करून दाखवलं. मग म्हणाल्या, "थांब गो, तोंड बेचव झालंय," आणि उशीखालून पत्र्याची डबी काढली. तर्जनी आत बुडवली आणि काळी पूड हिरड्यांवरून फिरवायला लागल्या.

मी नुसती बघत राहिले. माझ्या फॉर्मवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: विडी-सिगारेट नाही, तंबाखू नाही, दारू नाही. हॉस्पिटलच्या कागदावरही तेच.

"काकी, मी विचारलं होतं ना, तंबाखू खाता का म्हणून?"

"खात नायच मी. तंबाखू पुरुष खातात. ही मशेरी."

त्या खोटं बोलत नव्हत्या. आमच्याकडे मशेरी हे दात घासायचं साधन. तंबाखू खातात, विडी ओढतात, मशेरी 'लावतात'. मी आजीच्या हातची मशेरी बघत मोठी झालेली मुलगी. मला हे कळायला हवं होतं. किती वेळा लावता विचारलं तर बोटं मोजली: उठल्यावर, चहानंतर, जेवल्यावर, दुपारी, रात्री. "आणि कंबर दुखली की मधे एकदा."

निकोटिन ओढा, चावा नाहीतर हिरड्यांना लावा, शेवटी रक्तातच जातं. रक्तवाहिन्या आकसतात, हाड तयार करणाऱ्या पेशी मंदावतात. स्क्रू काही मणक्यांना कायमचे धरून ठेवत नाहीत. हाड जुळेपर्यंतचा तो आधार. हाड जुळलंच नाही, तर पुन्हा पुन्हा वाकवलेली तार तुटते तसे ते सैल होतात किंवा मोडतात. हे सगळं काकींना कसं सांगायचं, या विचारात मी शब्द शोधत होते. पेशी, रक्तवाहिन्या वगैरे सुरू केलं तर त्यांचं लक्ष अंगणातल्या कोंबड्यांकडे.

शेवटी एवढंच म्हटलं, स्क्रू नुसता आधार, आतून हाड जुळायला हवं, आणि मशेरी ते जुळू देत नाही. तेवढ्यात ओटीवरून काकांनी विचारलं, "म्हणजे कलमासारखंच की?"

काका पावसाळ्यात आंब्याची कोयकलमं बांधतात, कोयीच्या रोपावर चांगल्या झाडाची काडी, दोन-दोन हजार. मी म्हटलं, अगदी तसंच. स्क्रू म्हणजे तुमची प्लॅस्टिकची पट्टी.

"पट्टी कितीही आवळा," काका काकींकडे न बघता म्हणाले, "आतून रस चढला नाय तर काडी काळी पडते. वरून आठ दिवस हिरवी दिसते, तेवढंच." मग मला म्हणाले, "पण पट्टी आम्ही नंतर सोडतो. हे स्क्रू कधी काढणार?" काढत नाहीत बहुतेक वेळा, म्हटल्यावर त्यांना ते फारसं पटलं नाही.

सर्जनना फोन करायला मला पाखाडी चढून वर रस्त्यावर यावं लागलं, खाली रेंज नाही. ते दोन सेकंद गप्प. मग म्हणाले, "बरं झालं सांगितलंत." पायातली ताकद आणखी कमी होत नसेल, तर सहा आठवडे पूर्ण बंद, नंतर लघवीची तपासणी. निकोटिनचं शरीरात कोटिनिन होतं, ते त्यात सापडतं. आणि निकोटिनच्या पट्ट्या किंवा च्युइंगम नकोत. लघवी अडली, नकळत झाली किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, तर मात्र एक दिवसही थांबायचं नाही, रात्री-अपरात्री निघायचं.

मुलाने मुंबईहून मला फोनवर बरंच ऐकवलं. मे महिन्याची रजा त्याने भांडून घेतली होती, आता ऑपरेशन ऐन पावसात. त्याचं बरोबर होतं. पहिल्याच भेटीत मी नीट विचारलं असतं, तर हे सहा आठवडे तेव्हाच सुरू झाले असते.

मशेरी सोडण्याचे पहिले दहा दिवस मी नुसते ऐकले आहेत, तेवढे पुरेत. पोट साफ नाही, डोकं दुखतंय, सुनेशी फोनवर भांडण, काकांचा चहा फिका. काकींना तलफेइतकीच बोट फिरवायची सवय होती. शेवटी शेजारच्या आजींनी भाताच्या तुसाची राखुंडी करून दिली, चिमूटभर मीठ घालून. तीच डबी, तेच बोट, आत राख. डेंटिस्ट मैत्रीण म्हणाली, हिरड्या घासून काढेल ही. मी म्हटलं, हिरड्यांचं नंतर बघू.

जूनच्या मध्यावर ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी उभं केलं, पाचव्या दिवशी घरी. आंबा घाटातून येताना मलकापूर, साखरपा, पाली असं थांबत, दर थांब्याला गाडीतून उतरून चार पावलं चालत आल्या. मी वर रस्त्यावर वाट बघत उभी. पाऊस चांगलाच लागला होता.

आणि तिथे वाडीतले चार बाप्ये डोली घेऊन हजर. बांबू, त्याला बांधलेली नवी कोरी चादर. या वाडीत बाळंतीण असो की ताप आलेला म्हातारा, वर आणतात आणि खाली नेतात ते डोलीतूनच. पण डोलीत माणूस केळ्यासारखा वाकतो, आणि आता नेमकं तेच नको होतं. त्यांना नाही म्हणताना मला कसंसंच झालं.

बावन्न पायऱ्या. मी एप्रिलमध्ये मोजल्या होत्या, काही आठ इंचांच्या, काही चांगल्या चौदा. पोरांनी आदल्या दिवशी ब्लिचिंग पावडर टाकून खराट्याने शेवाळ काढलं होतं. दोन वळणांवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या. मुलगा एक पायरी खाली, काकींचा डावा हात त्याच्या खांद्यावर, उजव्यात काठी. मी मागून कमरेचा पट्टा धरलेला, आणि माझ्या मागे एक शाळकरी पोरगा छत्री घेऊन, ती बहुतेक वेळ माझ्याच डोक्यावर गळत होती. उतरताना अधू पाय आधी. उजवा, डावा, थांब. उजवा, डावा, थांब. डोलीवाले दोन्ही बाजूंनी चालत होते, रिकामी डोली खांद्यावर तशीच. सव्वीसाव्या पायरीवर काकी म्हणाल्या, "पोटऱ्या भरल्या नाय गो." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, कारण तेव्हा बोललो असतो तर दोघी रडलो असतो आणि पाय घसरला असता.

पुढचे आठवडे कंटाळ्याचे. चालणं, विश्रांती, पुन्हा चालणं. पाऊस म्हणून पडवीत फेऱ्या, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत बावीस पावलं. बैठक अर्ध्या तासाच्या वर नाही. दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्याच, घरातल्या जुन्या पाकिटातल्या नाहीत, कारण त्यातल्या काही हाड जुळण्याच्या आड येऊ शकतात. एक बाई नारायण तेल घेऊन कंबर चोळायला आली, तिला काकांनी पडवीतूनच परत पाठवलं. चौथ्या आठवड्यात काकींनी चार लिटरची कळशी उचलली, मी ओरडले, त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

आता माझ्या फॉर्मवर तंबाखूच्या आधी एक ओळ आहे: दात कशाने घासता? पहिल्या महिन्यातच तिने मला आणखी दोन बायका सापडवून दिल्या. एकीचं तर दुसऱ्याच दिवशी गुडघ्याचं ऑपरेशन होतं.

गणपतीला, बाराव्या आठवड्यात, एक्सरे झाला होता. हाड धरायला लागलंय, पूर्ण व्हायला अजून महिने जातील, असं सर्जन म्हणाले होते. मी गेले तेव्हा काकी ओट्याशी उभ्या राहून मोदक वळत होत्या. ज्या पाटावर चाळीस वर्षं बसून मोदक केले, तो पाट ओट्याखाली, त्यावर उजवा पाय ठेवलेला, थोड्या वेळाने डावा. मी शिकवलं होतं तसंच. चुलीसमोर सून घामाघूम.

पडवीत आरतीला जमलेल्या बायकांपैकी कोणीतरी डबी उघडली. वास आत आला. काकींचा हात कळीवर थांबला.

"मॅडम, हाड पुरं धरलं की मग एखाद्या वेळी..."

"नाय!" ओटीवरून काका ओरडले. मला तोंड उघडायची वेळच आली नाही.