मावशीकडचा उन्हाळा : इंदूर, रोपवाटिका आणि पहाटेच्या चकरा

नाशिकहून इंदूरला जाताना चिवडा नेऊ नका. मी दोन किलो नेला होता. मावशीने कौतुकाने डबा घेतला, फडताळ उघडलं आणि लवंग सेव, रतलामी सेव, मिक्श्चर यांच्या बरण्यांच्या रांगेत शेवटचा म्हणून ठेवून दिला. दहा आठवड्यांनी मी निघाले तेव्हा तो जवळजवळ तसाच होता. न्यायचंच असेल तर गोडा मसाला आणि आमसुलं न्या. होळकरांच्या काळापासून इथे राहिलेली मराठी घरं आहेत, त्यांच्या पोह्यांवर सेव नि जीरावन मसाला पडतो, पण आमटी अजून आपलीच आहे.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा एप्रिलच्या मध्यात संपली आणि वीस तारखेला मी मावशीकडे राजेंद्रनगरला पोचले. काकांची रोपवाटिका राऊच्या पुढे, महूच्या रस्त्याला आहे. जूनअखेरपर्यंत तिथे काम करायचं आणि सुट्टीच्या दिवशी भटकायचं, असा बेत. विषय वनस्पतिशास्त्र, त्यामुळे आपल्याला झाडांतलं कळतं असा माझा समज होता. काकांनी पहिल्या दिवशी एक रोप दाखवून नाव विचारलं. मी लॅटिन नाव सांगितलं. ते म्हणाले, "छान. आता त्या पिशव्या भरायला बस."

पिशव्या भरणं म्हणजे पाच बाय सात इंचाच्या, भोकं पाडलेल्या काळ्या पिशव्यांत माती भरणं. माळव्याची काळी माती एकटी चालत नाही. भिजली की गोळा होते आणि वाळली की तडकते, रोपाची मुळं त्यात अडकतात. म्हणून दोन घमेली पिवळसर माती, एक घमेलं वाळू आणि एक घमेलं चाळलेलं शेणखत. पिशवी अर्धी भरली की जमिनीवर दोनदा आपटायची, मग उरलेली भरायची आणि वर अर्धा इंच जागा सोडायची. ती जागा सोडली नाही तर पाणी वरून वाहून जातं. पहिल्या दिवशी माझ्या एकशे चाळीस झाल्या. शेजारी झाबुआकडच्या एक दीदी बसल्या होत्या, त्यांनी तेवढ्या वेळात पाचशेच्या वर भरल्या आणि मध्ये दोनदा चहाही केला. त्यांच्या हाताकडे बघितल्यावर कळलं की त्या माती भरत नाहीत, पिशवीच मातीत खुपसतात आणि मनगटाने फिरवून उचलतात. दुसऱ्या आठवड्यात मला ते थोडं जमलं. नखांची आशा मात्र सोडा.

आता या सगळ्यातली महत्त्वाची गोष्ट, म्हणजे वेळ. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळे रात्री वारा सुटतो आणि गच्चीवर झोपता येतं. माळव्याच्या रात्रींचं कौतुक उगीच करत नाहीत लोक. पण मे महिन्यात दुपारी ४०-४२ अंश सहज होतात आणि लू, म्हणजे गरम वारा, चालते. आमचं काम सकाळी साडेपाच ते साडेदहा आणि संध्याकाळी पाच ते साडेसात. मधले साडेसहा तास घरात. पहिल्या आठवड्यात मी दुपारी एकदा शहर बघायला निघाले तर मावशी दारात उभी राहिली. "अगं, उन्हात कुठे जाऊन राहिली आहेस? झोपून घे ना थोडी." इथलं मराठी असंच आहे, येऊन राहिला, करून राहिली. आठ दिवसांत माझ्याही तोंडात ते बसलं आणि नाशिकला फोनवर आई हसायला लागली. तर, दुपारी झोपा. तुम्हाला काम नसेल तर तुम्ही नऊला उठाल, दहाला बाहेर पडाल, अकराला परत याल आणि महिनाभर इंदुरात काही बघण्यासारखं नाही असं सांगत फिराल. मला काम होतं म्हणून पाचला उठायची सवय लागली, आणि खरा उन्हाळा तोच, पाच ते नऊ.

वेळेचा नियम मोडला तो मीच, आणि तो माझ्या नाही, पपईच्या जिवावर बेतला. २५ मे ते २ जून हे नऊ दिवस म्हणजे नौतपा. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की हे सुरू होतात, आणि नौतपा जितका तापेल तितका पाऊस चांगला असं इथे सगळे मानतात. त्यातल्या तिसऱ्या दिवशी दुपारी एकला मला पपईची रोपं मान टाकलेली दिसली. काका बाहेर गेले होते. मी पाइप उचलला आणि थेट रोपांवर धरला. एक इंची, शंभर फुटी काळ्या पाइपात जवळजवळ पंधरा लिटर पाणी मावतं, आणि ते सकाळपासून उन्हात पडून होतं. माझ्या पायावर चार थेंब उडाले तेव्हा मी ओरडले, पण तोवर दोन रांगा झाल्या होत्या. संध्याकाळपर्यंत पानं उकडलेल्या पालकासारखी झाली. काका रागावले नाहीत. पाइपाचं तोंड आधी पाटाकडे धरून हाताला गार लागेपर्यंत पाणी सोडायचं, एवढंच त्यांनी सांगितलं. शिवाय दुपारी मान टाकलेलं रोप तहानलेलंच असतं असं नाही. पुष्कळदा ते संध्याकाळी आपोआप उभं राहतं. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं.

भटकंतीचा बराचसा भाग मला कामामुळेच मिळाला, कारण मे-जून हा बिया गोळा करायचा काळ. बहाव्याला एकीकडे पिवळे घोस लागलेले असतात आणि त्याच झाडावर गेल्या वर्षीच्या काळ्या, हातभर लांब शेंगा लटकत असतात. शेंग फोडली की आत चिकट काळा गर आणि उग्र वास. तो धुऊन बी काढायचं. बहावा, गुलमोहर यांची टरफलं कठीण, म्हणून उकळून आचेवरून उतरवलेल्या पाण्यात बी टाकून रात्रभर ठेवायचं. जे फुगेल तेच पेरायचं. कडुनिंबाचं उलटं. त्याची निंबोळी जूनच्या शेवटी पिकते, गर काढून लगेच पेरावी लागते, दोन-तीन आठवड्यांत तिची उगवण्याची ताकद संपते. ती डब्यात भरून नाशिकला नेऊन "दिवाळीनंतर लावू" म्हणणाऱ्यांनी डबा रिकामाच न्यावा. आणि एक सूचना : बिया बांधावरच्या, रस्त्याकडेच्या किंवा मालकाला विचारून त्याच्या शेतातल्या झाडांच्या घ्या. राखीव जंगलातून काहीही उचलायचं तर वनखात्याची परवानगी लागते.

असंच बिया शोधत मावसभाऊ आणि मी मोटरसायकलवर जाम गेटला गेलो. महूहून मंडलेश्वरच्या रस्त्याला, विंध्याच्या अगदी कडेला हा दरवाजा आहे, अहिल्याबाईंच्या काळातला, १७९१चा. पाचला निघालो, साडेसहाला वर. दरवाजाच्या गच्चीतून खाली नर्मदेकाठचा निमाड पसरलेला दिसतो, धुरकट आणि सपाट. आठ वाजता खालून वारा वर यायला लागला आणि तो गरम होता. चुलीवरचं झाकण कोणी तरी उचलल्यासारखा. माळवा आणि निमाड यांच्यात साडेतीनशे-चारशे मीटरचा उतार आहे, आणि मे महिन्यात तो अंगाला कळतो. दादाच्या आग्रहावरून आम्ही तसेच खाली मंडलेश्वर आणि तिथून महेश्वरला गेलो. ते करू नका. साडेदहाला घाटाच्या पायऱ्यांवर अनवाणी पाऊल टाकता येईना. नर्मदा समोर होती आणि आम्ही किल्ल्याच्या कमानीखाली सावलीत बसून तिच्याकडे बघत होतो. वर चढून यायला संध्याकाळचे सहा वाजले. उन्हाळ्यात महेश्वर करायचंच तर आदल्या रात्री मुक्कामाला जा आणि सूर्योदयाला घाटावर असा. नाही तर जाम गेटवरून परत फिरा, तेवढंही पुरेसं आहे.

जानापाव मात्र अर्ध्या दिवसात होतो. इंदूरहून पंचेचाळीसेक किलोमीटर, आग्रा-मुंबई रस्त्यावरून मानपूरच्या अलीकडे वळायचं. परशुरामाचं जन्मस्थान म्हणून लोक येतात, वर देऊळ आणि कुंड आहे. चंबळ इथे उगम पावते. मे महिन्यात उगम म्हणजे कुंडातलं हिरवं पाणी, बाकी काही नाही, तेव्हा फोटोवर जाऊ नका. पण डोंगरावर उभं राहून दोन्ही बाजूंना बघा. उत्तरेच्या उतारावर पडलेला थेंब चंबळ, यमुना, गंगा करत बंगालच्या उपसागराला जातो. दक्षिणेच्या उतारावरचा नर्मदेत आणि तिथून अरबी समुद्रात. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर असंच वाटतं, आणि दगडही तोच, काळा बसाल्ट. माळव्यात आल्यावर आपण दख्खन सोडलं असं वाटतं, खडकाच्या हिशेबात सोडलेलं नसतं.

पाताळपाणीला मी जूनच्या पहिल्या आठवड्यात गेले. धबधबा नव्हता. एक मोठा काळा कडा, त्याच्या पायथ्याशी डबकं आणि शंभर माणसं सेल्फी काढत. मला कड्यातले लाव्ह्याचे थर बघायचे होते, ते कोरड्यातच नीट दिसतात, म्हणून माझं नुकसान झालं नाही. धबधबा हवा तर जुलैच्या मध्यानंतर या. तेव्हा मात्र प्रवाहात उतरू नका. वर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी अचानक वाढतं, माणसं वाहून गेलेली आहेत. पाताळपाणी ते कालाकुंड ही मीटरगेजची हेरिटेज गाडी २०१८च्या डिसेंबरात सुरू झाली, पण ती मुख्यतः पावसाळ्याच्या हंगामातली मजा आहे. निघण्याआधी चालू आहे का ते बघा. कालाकुंड स्टेशनवर पळसाच्या पानात कलाकंद मिळतो. ही जुनी लाइन होळकरांच्या पैशाची. तुकोजीराव दुसरे यांनी त्यासाठी इंग्रजांना एक कोटी रुपये १०१ वर्षांच्या मुदतीने साडेचार टक्के व्याजावर कर्ज दिले होते. काका ही गोष्ट दर पाहुण्याला सांगतात आणि प्रत्येक वेळी व्याजाचा दर सांगताना आवाज चढवतात.

पक्षी बघणाऱ्यांसाठी एकच नाव, हातोदच्या बाजूचा यशवंत सागर. उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं आणि उघड्या पडलेल्या चिखलात पक्षी जमतात. सकाळी साडेसहाला मला सारसांची जोडी दिसली, गव्हाच्या धसकटात. माणसाएवढे उंच, लाल मानेचे. त्यांनी एकाच वेळी ओरडायला सुरुवात केली आणि बांधावरची म्हैससुद्धा चरायची थांबली. शहरातला सिरपूर तलाव आणि यशवंत सागर, दोघांनाही २०२२मध्ये रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारी आंतरराष्ट्रीय मान्यता, मिळाला. वेळ कमी असेल तर सिरपूर घराजवळ पडतं. राळामंडळच्या टेकडीवर होळकरांची शिकारकोठी आहे, चढ सोपा. बस, तेवढंच.

आता नातेवाइकांकडे राहण्याबद्दल, कारण घोळ डोंगरात होत नाही, स्वयंपाकघरात होतो. पैशांचं पहिल्याच दिवशी बोलून घ्या. मी लाजले, काकाही लाजले, आणि तीन आठवडे मी पगारी आहे की पाहुणी हे कोणालाच माहीत नव्हतं. पाहुणी होते तोवर मावशी मला ताटावरून उठू देत नव्हती आणि काका मला उशिरा आले तरी बोलत नव्हते. दोन्ही वाईट. शेवटी मीच विषय काढला. रोजचा एक आकडा ठरला, इतरांपेक्षा कमी, कारण माझं काम कमी होतं. त्यातून दूध-भाजी मी आणायची असंही ठरलं. त्या दिवसापासून मला घरात मोकळं वाटलं आणि रोपवाटिकेत बोलणी बसायला लागली.

दुसरं, कचरा. २०१७पासून हे शहर वर्षानुवर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलेलं आहे आणि घरातली प्रत्येक बाई ते स्वतःचं बक्षीस समजते. सकाळी गाणं वाजवत गाडी येते. ओलं, सुकं वेगळं. मी एकदा चहाची पावडर कागदाच्या पुडीसकट टाकली तर गाडीवरच्या भियाने (इथे भैयाचं भिया होतं) ती परत केली, सगळ्या गल्लीसमोर. मावशी दोन दिवस तो प्रसंग सांगत होती.

तिसरं, सराफा. रात्री नऊनंतर सोन्याची दुकानं बंद होतात आणि त्यांच्या पायऱ्यांवर खाणं सुरू होतं. घरून जेवून जाऊ नका आणि हे मावशीला दुपारीच सांगा, नाही तर ती वरणभात वाढेलच. भुट्ट्याचा कीस खा. इथली शिकंजी लिंबाची नसते, घट्ट दुधाची असते, ती जेवणानंतर झेपत नाही. गराडू मागू नका, तो थंडीतला पदार्थ आहे. मे महिन्यात मागितला की तुम्ही बाहेरचे हे लगेच कळतं. दुसऱ्या दिवशी पाचला उठायचं असेल तर शनिवारीच जा.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस आला आणि काम एकदम पालटलं. रोपं न्यायला ट्रॅक्टर यायला लागले, पिशव्या भरायच्या थांबल्या आणि उचलायच्या सुरू झाल्या. शिकायला जायचं तर एप्रिल-मे, कारण पाऊस लागल्यावर तुम्हाला काही समजावून सांगायला कोणाला फुरसत नसते. पूर्ण बाह्यांचे दोन सुती शर्ट, मोठा सुती गमछा, बंद बूट आणि दोन लिटरची बाटली एवढं सामान पुरतं. सनस्क्रीन घामात टिकत नाही, गमछा टिकतो.

परत येताना रात्रीची बस घेऊ नका. ती खलघाटला नर्मदा ओलांडते तेव्हा तुम्ही झोपलेले असता. सकाळची घ्या, आठ-नऊ तासांत सेंधवा, धुळे करत नाशिक. बस दक्षिणेकडे जाते, म्हणून सकाळभर ऊन डावीकडून येतं. उजवीकडची खिडकी मागा, आणि रोपं असतील तर ती डिकीत ठेवू नका, पायाशी ठेवा. कंडक्टर कुरकुरतो. माझ्याकडे चार पपया होत्या. धुळ्याला त्यानेच त्यांना पाणी घातलं, बाटलीतलं, गार.