नाव राहू द्या, उजवा विंगबॅक कोण ते सांगा

रविवारी सकाळी नागपुरात तर्री पोह्याच्या ठेल्यावर मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबचा पुढचा कोच ठरतो. शनिवारची मॅच हिवाळ्यात आपल्याकडे साडेआठला, नाहीतर थेट रात्री अकराला, म्हणजे शेवटची शिट्टी वाजेपर्यंत एक होतो. डोळे तारवटलेले, प्लेटमध्ये पोह्यांवर चण्याची तर्री, वर कच्चा कांदा, आणि वाद. "झिदानले आणा न बाप्पा, पैसा कमी आहे का?" "त्याले इंग्रजी येते का बे?" "मंग आपलाच जुना गडी बसवा, घरचं माणूस." तर्री संपते, पुन्हा मागून घेतात, तीही संपते. नावं काही संपत नाहीत.

नावांवर भांडायला मजा येते, नाही कशाला म्हणा. पण नाव हा या प्रश्नाचा शेवटचा भाग आहे. आधी एक कागद घ्या.

कागदावर त्या कोचची नेहमीची रचना काढा. अकरा चौकोन. प्रत्येक चौकोनात आपल्या संघातली दोन नावं लिहायची, नावापुढे वय आणि करार कोणत्या वर्षी संपतो ते. झाले बावीस. प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या वरच्या लीगमध्ये, २१ वर्षांवरच्या २५ खेळाडूंची यादी द्यावी लागते आणि त्यात तिकडच्या क्लबांत न घडलेले जास्तीत जास्त १७ चालतात, म्हणजे तुमच्या कागदावरची गर्दी साधारण खरीच असते. आता दोन गोष्टी मोजा. किती चौकोन रिकामे राहिले किंवा ओढूनताणून भरले? आणि संघातले किती जण कुठल्याच चौकोनात बसले नाहीत? पहिला आकडा तीनच्या वर गेला, तर या कोचला निदान दोन ट्रान्सफर विंडो (खेळाडू घ्यायच्या-विकायच्या ठरलेल्या मुदती) लागणार असं माझं गणित आहे. दुसरा आकडा लोक मोजतच नाहीत, आणि डोकेदुखी तिथेच असते. न बसणारा खेळाडू नुसता बाकावर बसत नाही. तो पगार खातो, त्याचा भाव महिन्यागणिक उतरतो, आणि समोरचा क्लब हे जाणून असतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये रुबेन अमोरिम युनायटेडचा कोच म्हणून आला तेव्हाचा कागद काढून बघा. आधीच्या क्लबात, पोर्तुगालच्या स्पोर्टिंगमध्ये, त्याची रचना ३-४-२-१. तीन सेंटर बॅक, दोन्ही कडांना एकेक विंगबॅक (कडेवरून बचावही करणारा आणि हल्लाही), मध्ये दोघेच, पुढे आत सरकून खेळणारे दोन 'दहा नंबर' आणि एक स्ट्रायकर. युनायटेडचा संघ मात्र ४-२-३-१ साठी घेतलेला, म्हणजे मागे चार बचावपटू आणि पुढे कडांना विंगर. डावा विंगबॅक म्हणून लिहायला ल्यूक शॉ, तो दुखापतीतून बाहेर येईना. मग उजव्या पायाचा दालो डावीकडे. उजवीकडे माझरावी, किंवा चक्क अमाद, जो मुळात विंगर. फेब्रुवारी २०२५ मध्ये लेच्चेकडून डोर्गू आणला तेव्हा एक चौकोन भरला.

विंगबॅक कच्चा असला की या रचनेचं काय होतं ते नीट बघण्यासारखं आहे. पूर्ण कड एकट्याने सांभाळायची असते, स्वतःच्या कॉर्नर फ्लॅगपासून समोरच्या कॉर्नर फ्लॅगपर्यंत. ते जमेना झालं की तो भीतीने मागे सरकतो. तीनचे पाच होतात. मग मध्ये उरतात दोन, आणि समोरचा संघ मिडफिल्डमध्ये तीन घेऊन उभा. तिसऱ्याला धरायचं कोणी? सेंटर बॅक पुढे आला तर मागे भोक, नाही आला तर तो तिसरा वळून आरामात पास टाकतो. त्यात त्या दोघांपैकी एक ब्रुनो फर्नांडिस. ब्रुनोचा धोका पत्करून टाकलेला पास पुढे दहा नंबरवर असताना चुकला तर फारसं बिघडत नाही, मागे सहा-सात जण असतात. तोच पास मधल्या दोघांत खेळताना चुकला की मागे तिशी उलटलेला कासेमिरो एकटा पळतोय. शिवाय रॅशफोर्ड, गार्नाचो, अँटनी हे सगळे कडेला रेष धरून खेळणारे. या रचनेत कडेचा विंगर हा चौकोनच नाही. रॅशफोर्ड व्हिलाला, अँटनी बेटिसला, दोघेही त्याच हिवाळी विंडोत उसने गेले. पुढच्या उन्हाळ्यात गार्नाचो चेल्सीला.

मोसम संपला तेव्हा युनायटेड ४२ गुणांवर, १५ व्या क्रमांकावर. युरोपा लीगची फायनल बिल्बाओत टॉटनहॅमकडून १-० ने गेली. सगळं खापर अमोरिमवर फोडू नका, त्याच्या आधीच्या टेन हागला काढलं तेव्हाही संघ १४ वा होता. पण हा कागद नोव्हेंबरमध्येच काढता आला असता, आणि तो काढायला फुटबॉल डायरेक्टर असावं लागत नाही.

याच्या उलट आर्न स्लॉट. लिव्हरपूलचा तेव्हाचा कोच क्लॉप, त्याने जानेवारी २०२४ मध्ये जातो म्हणून सांगितलं आणि क्लबला नवा शोधायला पुरेसे महिने मिळाले, मिळाला स्लॉट. स्लॉटचा आधीचा क्लब फेयेनूर्द लिव्हरपूलसारखाच चार बचावपटूंचा खेळ खेळायचा. कागदावर एकच चौकोन खटकत होता, बचावापुढचा 'सहा नंबर'. त्यासाठी सुबिमेंडी हवा होता, तो आला नाही. स्लॉटने ग्राव्हनबर्गला खाली ओढलं आणि तिथे बसवलं. त्या उन्हाळ्यात लगेच खेळायला आलेला नवा माणूस फक्त किएझा, तोही जेमतेम खेळला. एप्रिल २०२५ मध्ये चार सामने राखून लीग जिंकली. मे २०२४ मध्ये ठेल्यावर "स्लॉट कोण बे?" असंच चाललं असणार, याबद्दल मी पैज लावायला तयार आहे.

कागदानंतर पाटी वाचायची. 'मॅनेजर' की 'हेड कोच'? युनायटेडचा फर्ग्युसन १९८६ ते २०१३ मॅनेजर होता, खरेदी-विक्रीत शेवटचा शब्द त्याचा. अमोरिम हेड कोच म्हणून आला. म्हणजे मैदान त्याचं, बाजार डायरेक्टरचा. जानेवारी २०२६ मध्ये लीड्सशी १-१ झाल्यावर तो जाहीर बोलला, मी इथे मॅनेजर व्हायला आलोय, नुसता कोच व्हायला नाही. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. त्यामुळे "तो आला की अमुक खेळाडू आणेल" असं कोणी म्हणालं की विचारा, त्याच्या पाटीवर काय लिहिलंय? आणि कोचच्या पसंतीने खेळाडू आणले तर सगळं सुरळीत होतं असंही नाही. अँटनी हा टेन हागच्या आयाक्समधला माणूस, आठ कोटी पौंडांच्या घरात आणलेला. टेन हाग ऑक्टोबर २०२४ मध्ये गेला, अँटनी आणि त्याचा करार मागेच राहिला. कोच जातो, त्याची खरेदी क्लबच्या वहीत उरते.

वहीवरून आठवलं. हकालपट्टी फुकट नसते. टेन हागचा करार जुलै २०२४ मध्ये २०२६ पर्यंत वाढवला आणि चार महिन्यांच्या आत त्याला घरी पाठवलं. त्याचे नि त्याच्या सहकाऱ्यांचे मिळून १ कोटी ४ लाख पौंड गेले. मग अमोरिमला सोडवायला स्पोर्टिंगला १ कोटी १० लाख युरो. खेळाडूची किंमत हिशेबात जास्तीत जास्त पाच वर्षांवर पसरवता येते, कोचला दिलेली भरपाई मात्र त्याच वर्षी पूर्ण बसते. २०२५-२६ पर्यंत प्रीमियर लीगच्या नियमात तीन वर्षांत मिळून तोटा १०.५ कोटी पौंडांच्या आत ठेवायचा. २०२६-२७ पासून हा नियम बदलून संघावरचा खर्च उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांत बसवायचा आहे, युएफाच्या, म्हणजे युरोपीय, स्पर्धांत खेळणाऱ्यांना तर ७० टक्क्यांत, आणि त्यात हेड कोचचा पगारही धरतात. "पैसा कमी आहे का?" या प्रश्नाचं उत्तर, हो, बऱ्याचदा कमी असतो. चेल्सीने पॉटरसाठी ब्रायटनला दोन कोटी पौंडांहून जास्त मोजले आणि सात महिन्यांत त्याला काढलं. त्यांना परवडलं असेल.

आता घरचं माणूस. इथे नागपूरकरांनी तरी जपून बोलावं, कारण आपण हा वाद दोन्ही बाजूंनी जिंकून बसलोय. २०१७-१८ मध्ये विदर्भाने पहिली रणजी जिंकली ती मुंबईच्या चंद्रकांत पंडितांच्या हाताखाली, पुढच्या वर्षी जामठ्याला दुसरी. २०२४-२५ ची तिसरी उस्मान घनींसोबत, म्हणजे आपल्याच माणसासोबत. बाहेरचा की घरचा, हा प्रश्नच तिथे गौण होता. अकादमीतून गोलंदाज तयार होत होते, वसीम जाफरसारखा अनुभवी फलंदाज बाहेरून आणलेला होता, कोचने येऊन शिस्त लावली. फुटबॉलमध्येही कोच नेमताना त्याच्याखालचा मजला आधी बघायचा.

तो मजला म्हणजे सहाय्यक. फर्ग्युसनच्या जागी मोयस २०१३ मध्ये सहा वर्षांचा करार घेऊन आला आणि फर्ग्युसनच्या वेळचे फेलन, म्युलेनस्टीन, गोलकीपरांचा कोच स्टील, सगळे गेले. मोयसच्या आधीच्या क्लबची, एव्हर्टनची, माणसं आली. चॅम्पियन संघाला रोज सराव देणारे हात एका उन्हाळ्यात बदलले. ९ फेब्रुवारी २०१४ ला ओल्ड ट्रॅफर्डवर तळाचा फुलहॅम आला. युनायटेडने ऐंशीहून जास्त क्रॉस टाकले. दोन्ही कडांवरून, एकामागून एक, उंच उंच. फुलहॅमच्या सेंटर बॅकना दुसरं काही करावंच लागलं नाही, उडी मारायची आणि डोकं लावायचं. ९० मिनिटं उलटून गेल्यावर डॅरेन बेंटने बरोबरी केली, २-२. आणि फुलहॅमच्या बाकावर कोच म्हणून कोण होता? म्युलेनस्टीन. म्हणून नावाची बातमी आली की पुढची ओळ शोधायची: सोबत किती जण येतायत, सेट पीस (कॉर्नर, फ्री किक) कोण बघणार, आधीच्यांपैकी कोण राहणार.

हंगामी, म्हणजे तात्पुरत्या, कोचचा मोह वेगळाच. युनायटेडचा जुना खेळाडू सोल्शायर डिसेंबर २०१८ मध्ये आला, पहिले आठही सामने जिंकला. आपले पोट्टे नाचले, बरोबरच होतं. पण त्या आठांत कोण होते? कार्डिफ आणि हडर्सफील्ड, दोघेही त्या मोसमाअखेर खालच्या लीगमध्ये गेले. बोर्नमथ, न्यूकॅसल, कपात रीडिंग. टॉटनहॅमला वेम्बलीवर हरवलं तेव्हा डे हेआने ११ फटके अडवले होते. गोलकीपरला ११ अडवावे लागतात तो विजय कोचच्या खात्यात किती टाकायचा? मार्चमध्ये पॅरिसच्या क्लबला (पीएसजी) उलटवलं आणि २८ मार्चला त्याला कायम केलं. त्यानंतरच्या दहा सामन्यांत दोन विजय. म्हणून हंगामी कोचचे सामने मोजताना प्रतिस्पर्धी कोण, घरी की बाहेर, पेनल्टी किती आणि आपल्या कीपरने किती अडवले, हे चार रकाने आखा. मे महिन्याच्या आधी सही करायची घाई क्लबला असते, आपल्याला नसते.

मोसमाच्या मध्ये आलेल्या कोचला वेळ किती मिळतो तेही बोटांवर मोजून बघा. आठवड्यात एकच सामना असेल तर खऱ्या सरावाचे दिवस तीन, फार तर चार. गुरुवारी युरोपात सामना असेल तर शुक्रवार खेळलेल्यांच्या विश्रांतीत जातो, शनिवारी हलकी तयारी, रविवारी पुन्हा मैदान. नवी रचना शिकवायला उरतो एक दिवस, तोही पाय जड झालेले. अमोरिमची पहिली मॅच इप्सविचशी, आंतरराष्ट्रीय सुट्टी संपल्या संपल्या. निम्मा संघ आपापल्या देशांकडून खेळून नुकता परतलेला. रॅशफोर्डने दुसऱ्या मिनिटाला गोल केला, मॅच १-१.

एवढं झाल्यावर नाव घ्या. आणि नाव घेतल्यावर त्याच्या गोलांचे कोलाज बघू नका, तीन पूर्ण सामने बघा. दोन गोलांनी हरलेला एक. घरच्या मैदानावर समोरच्याने दहा जण मागे लावलेला एक. गुरुवारच्या युरोपीय सामन्यानंतरचा रविवारचा एक. गोल किक छोटी घेतात का, घेतल्यास चेंडू मागायला कोण येतं? चेंडू गेल्यावर पहिले पाच सेकंद जवळचे तिघे धावून जातात की मागे पळतात? हल्ला उजवीकडून चालू असताना डावा फुलबॅक कुठे उभा असतो? आणि हरत असताना हा गृहस्थ पहिला बदल कितव्या मिनिटाला करतो, कोणाला काढतो, कोणाला आणतो, ते मिनिटासकट त्याच कागदाच्या मागच्या बाजूला लिहा.