तुम्ही विचारलंत म्हणून : एवढं सगळं टिपून ठेवता कुठे?

मी विज्ञान आणि आरोग्य या विषयांवर सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिते. त्यामुळे एक प्रश्न ठरलेला असतो : नोट्ससाठी कोणतं ॲप वापरता? मी नाव सांगते, विचारणारा ते लिहून घेतो, आणि मग बोलता बोलता खरी अडचण बाहेर येते. फोनमध्ये स्क्रीनशॉटचा ढीग आहे, 'नंतर वाचू' म्हणून ठेवलेल्या लिंका आहेत, स्वतःलाच पाठवलेले मेसेज आहेत, डाउनलोड केलेल्या पीडीएफ आहेत. आणि नेमकं हवं तेव्हा हाताला काहीच लागत नाही. या अडचणीवर ॲपचं नाव हा उपाय नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

गोंधळ सुरू होतो तो साठवण्याच्या क्षणी. एखादा लेख चांगला वाटतो, आपण बटण दाबतो आणि तो लेख आपला झाल्यासारखं वाटतं. वाचणं राहिलेलं असतं, समजून घेणं राहिलेलं असतं, पण काम उरकल्याचं समाधान तेवढ्यात मिळून जातं. हे आपल्याला कशासाठी हवंय, ते त्या क्षणी मनात अगदी स्पष्ट असतं, इतकं स्पष्ट की लिहून ठेवायची गरजच वाटत नाही. काही महिन्यांनी लिंक तशीच असते, कारण मात्र पुसून गेलेलं असतं. 'सापडत नाही' अशी तक्रार आपण करतो खरी, पण पुष्कळदा ती गोष्ट समोर येऊनही आपण ती का ठेवली होती हे आठवत नसतं.

या बाबतीत स्मरणशक्तीवरचे दोन प्रयोग मला शेजारी शेजारी ठेवून पाहावेसे वाटतात. पहिला २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेला, बेट्सी स्पॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. लोकांना सामान्यज्ञानाची काही विधानं संगणकावर टाइप करायला दिली. काहींना सांगितलं की हे साठवलं जाईल, काहींना सांगितलं की पुसलं जाईल. पुसलं जाणार असं ज्यांना वाटत होतं त्यांच्या लक्षात जास्त राहिलं. (याच निबंधातला आणखी एक प्रयोग पुढे इतरांनी करून पाहिला तेव्हा मूळ निष्कर्ष मिळाला नाही, म्हणून 'इंटरनेटने आपली स्मरणशक्ती घालवली' असलं सरसकट विधान मी करणार नाही.) दुसरा प्रयोग २०१५ चा, बेंजामिन स्टॉर्म आणि शॉन स्टोन यांचा. लोकांनी आधी एका फाइलमधले शब्द पाठ केले, मग दुसऱ्या फाइलमधले. मधल्या वेळात पहिली फाइल साठवून ठेवता आली, तेव्हा दुसरीतले शब्द जास्त चांगले लक्षात राहिले. साठवण्यावर भरवसा नसेल तर हा फायदा दिसला नाही.

दोन्ही मिळून मला असं दिसतं की साठवलेलं विसरायला आपण मोकळे होतो, आणि त्या मोकळ्या जागेत नवं काही मावतं. हा मोठाच फायदा आहे, त्यामुळे साठवूच नका असं मी कुणाला म्हणत नाही. पण त्या मोकळ्या जागेत आपण काय करतो? दुसरा लेख साठवतो. मग तिसरा.

माझं काम एका फाइलपासून सुरू होतं आणि तिच्यात फक्त प्रश्न आहेत, ज्यांची उत्तरं मला सध्या खरोखर हवी आहेत असे. फाइल एका पानात मावली पाहिजे एवढाच नियम. नवं काही वाचताना त्यातल्या कुठल्या तरी प्रश्नाला धक्का लागला तर मी थांबून टिपण लिहिते. नाही लागला तर लेख वाचण्याचा आनंद घेते आणि सोडून देते. कधी लेखामुळे नवाच प्रश्न पडतो. तोही चालतो, पण मग आधी तो फाइलमध्ये लिहायचा आणि नंतर लेखाला हात लावायचा.

याने काय फरक पडतो ते एका उदाहरणावरून दाखवते. औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंबद्दल मी वाचत होते. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी डिसेंबर १९४५ मध्ये दिलेल्या नोबेल व्याख्यानात शेवटाकडे एक इशारा आहे. जिवाणू मरणार नाहीत इतक्या कमी पेनिसिलिनमध्ये ते वाढवले, तर ते त्याला दाद देईनासे होतात. प्रयोगशाळेत हे घडवणं अवघड नाही, आणि अपुरी मात्रा घेणाऱ्या माणसाच्या शरीरातही तेच होऊ शकतं, असं ते सांगतात. हा उतारा कॉपी करून 'पेनिसिलिन', 'इतिहास' असे टॅग लावून ठेवता आला असता. पण माझ्या फाइलमध्ये प्रश्न होता : धोका इतका आधी कळला होता, तर तो टळला का नाही? तो प्रश्न मनात धरून उतारा पुन्हा वाचला, आणि माझं टिपण असं झालं : 'फ्लेमिंग यांच्या इशाऱ्याचा रोख अपुऱ्या मात्रेवर आहे. पेनिसिलिन वापरायचं तर पुरेसं वापरा, असं ते सांगतात. आज आपल्याला गरज नसताना वापरू नका असं सांगितलं जातं. हा भर कधी आणि कशामुळे सरकला?' खाली व्याख्यानाची लिंक आणि तारीख.

उतारा तोच. पण या टिपणात माझं एक निरीक्षण आहे आणि पुढे काय शोधायचं तेही आहे. वर्षभराने उघडलं तरी ते मला कामाला लावेल. मूळ उतारा तर केव्हाही मिळतोच. त्याच्याकडे मी कुठल्या बाजूने पाहिलं होतं, ते मात्र माझ्याशिवाय कुणाकडे नसतं. म्हणून कॉपी-पेस्ट मी फक्त अवतरणापुरतं करते, एरवी सगळं स्वतःच्या शब्दांत. टिपणाला नावही विषयाचं देत नाही, पूर्ण वाक्य देते. 'फ्लेमिंग' असं नाव दिलं तर उघडून पाहावं लागतं. 'फ्लेमिंग यांचा इशारा अपुऱ्या मात्रेबद्दल होता' असं दिलं तर यादी वाचतानाच विचार पुढे सरकतो.

आणखी एक सवय मी चार्ल्स डार्विन यांच्याकडून घेतली आहे. आपल्या निष्कर्षांच्या विरोधात जाणारी एखादी गोष्ट किंवा विचार समोर आला की ते न चुकता, ताबडतोब टिपून ठेवत. कारण अनुकूल गोष्टींपेक्षा अशा गोष्टी लवकर विसरल्या जातात असा त्यांचा अनुभव होता. आत्मचरित्रात त्यांनी हे सांगितलं आहे. मला हा टिपणाचा सगळ्यात मोलाचा उपयोग वाटतो. पटणारं काही साठवायला हात आपोआप पुढे जातो. न पटणारं मुद्दाम लिहावं लागतं, म्हणून माझ्या प्रत्येक प्रश्नाखाली 'याच्या विरुद्ध' अशी एक ओळ असते, आणि ती रिकामी राहिली तर त्या विषयावर लिहायची माझी तयारी झालेली नाही असं मी समजते.

नोट्सचा विषय निघाला की जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लुहमान यांचं नाव येतंच. त्यांनी आयुष्यभरात सुमारे ९०,००० कार्डं लिहिली, त्यांना क्रमांक दिले, एका कार्डावरून दुसऱ्याकडे जाणारे दुवे दिले. आज कितीतरी ॲप त्या पद्धतीचं अनुकरण करतात, आणि त्यातले दुव्यांचे नकाशे पाहून लोक हरखून जातात. मला त्यांच्या गोष्टीतला दुसराच भाग महत्त्वाचा वाटतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस बीलेफेल्ड विद्यापीठात गेल्यावर त्यांना आपला संशोधन प्रकल्प काय ते विचारलं गेलं. त्यांनी सांगितलं : विषय समाजाचा सिद्धान्त, मुदत तीस वर्षं, खर्च काही नाही. त्या सिद्धान्ताचा समारोप करणारा त्यांचा ग्रंथ १९९७ साली आला आणि पुढच्याच वर्षी ते गेले. एवढी कार्डं एकमेकांशी बोलू शकली, कारण ती एका दीर्घ प्रश्नाच्या शोधात लिहिली गेली होती. कार्डांची पेटी हवी आहे, पण प्रश्न ठरलेला नाही, अशा अवस्थेत त्या पेटीची नक्कल करून काय मिळणार?

याच्या उलट इतिहासकार लॉर्ड ॲक्टन. त्यांच्या ग्रंथसंग्रहात साठ हजारांच्या आसपास पुस्तकं होती. स्वातंत्र्याचा इतिहास लिहायचा म्हणून ते वर्षानुवर्षं टिपणं काढत राहिले. १९०२ साली ते वारले तेव्हा तो ग्रंथ लिहिला गेला नव्हता. टिपणं आजही केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. त्यांच्याकडे प्रश्न नव्हता असं कोण म्हणेल? प्रश्न होता, आणि थोर होता. पण सगळं हाती आल्यावर लिहू, असं म्हटलं की ते 'सगळं' कधीच हाती येत नाही. मी हे स्वतःला वारंवार बजावते. एका प्रश्नाखाली पाच-सहा टिपणं जमली की एक कच्चं पान लिहायचंच, चुकीचं का होईना. ते पानच सांगतं की आता काय वाचायला हवं आणि काय नको.

आता थोडं ॲपबद्दल. मी साध्या मजकुराच्या फाइल वापरते, मार्कडाउनमध्ये (म्हणजे शीर्षक, यादी वगैरे साध्या चिन्हांनी दाखवण्याच्या पद्धतीत) लिहिलेल्या. कारण सेवा बंद पडतात. वेगवेगळ्या संकेतस्थळांवरचं नवं लेखन एका जागी दाखवणारं गूगल रीडर २०१३ साली बंद झालं, लेख 'नंतर वाचू' म्हणून साठवण्याची पॉकेट ही सेवा २०२५ साली. साधी फाइल कुठल्याही यंत्रावर उघडते. तुम्हाला दुसरं काही आवडत असेल तर तेच वापरा. फक्त त्यातून सगळं बाहेर काढता येतं ना, हे आधी तपासा. पावत्या, करारपत्रं, यंत्रांच्या माहितीपुस्तिका यांना मी टिपणं म्हणतच नाही. त्या गोष्टी नाव आणि तारीख घालून एका फोल्डरमध्ये टाकल्या की झालं.

जुन्या ढिगाचं काय करायचं, असंही लोक विचारतात, आणि विचारताना त्यांच्या आवाजात अपराधीपणा असतो. तो सोडून द्या. सगळं 'जुनं' नावाच्या एका फोल्डरमध्ये हलवा आणि आवरायला बसू नका. प्रश्न घेऊन त्यात शोध घेतलात आणि काही सापडलं, तर तेवढंच बाहेर काढा आणि त्याच दिवशी त्यावर दोन वाक्यं लिहा. बाकीचं तिथेच राहिलं तरी कुणाचं नुकसान नाही.

अलीकडे एक नवा प्रश्न येतो : एआय सारांश करून देतो, मग स्वतः टिपण कशाला? लेखात काय आहे ते सारांशातून कळतं. त्या लेखाने माझ्या मनातल्या कुठल्या समजुतीला धक्का दिला, ते ठरवताना मात्र माझी समजूत पणाला लागलेली असते आणि तिथेच मी शिकते. म्हणून मी क्रम उलटा ठेवते. आधी माझं टिपण. मग ते आणि मूळ लेख एआयपुढे ठेवून विचारते की माझ्या वाचनात काय सुटलं, कुठे मी लेखकाच्या तोंडी नसलेलं घातलं. तो दाखवतो ती प्रत्येक जागा मूळ लेखात उघडून पाहते. कधी चूक माझी निघते, कधी त्याची. तेवढ्यासाठी लेख दुसऱ्यांदा वाचला जातो आणि टिपणातलं एखादं वाक्य बदलतं.