मधली सुट्टी

गिरगावातल्या आमच्या चाळीचा गणपती पाच दिवसांचा. यंदा कार्यक्रमपत्रिका वेबवर टाकायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पाच दिवसांचे पाच रकाने, आणि खाली पाचही रकान्यांवर आडवी एकच ओळ: रोज आरती, सायंकाळी साडेसात.

मी सगळं डिव्हमध्ये, म्हणजे वेबपानावरच्या साध्या चौकटींत, लिहून त्या तक्त्यासारख्या दिसाव्यात म्हणून डिस्प्ले: टेबल लावलं होतं. ग्रिड ही रकाने मांडायची नवी पद्धत येते मला, पण जुनी सवय सुटत नाही. डिव्हला कोलस्पॅन, म्हणजे ‘इतक्या रकान्यांवर पसर’ असा हुकूम, लिहून पाहिलं. ढिम्म. ते चालतं एचटीएमएलच्या टीडीला, म्हणजे खऱ्याखुऱ्या तक्त्यातल्या घराला. आरतीच्या मजकुराने पहिलाच रकाना फुगला आणि उरलेले चार अंग चोरून बसले, विरार लोकलमध्ये ऐसपैस गृहस्थाशेजारी चौथी सीट बसते तसे. १९९८ सालचं सीएसएस २, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणारी नियमावली, एवढं कबूल करतं की सेल, म्हणजे तक्त्यातलं एक घर, अनेक रकान्यांवर पसरू शकतो. किती रकान्यांवर, हे कसं ठरायचं, ते मात्र आपण सांगत नाही म्हणतं. लग्न ठरलंय, मुलगी कोण ते विचारू नका!

दुपार उकडत होती. पंखा नुसता आवाज करत होता. आणि मला एकदम शाळेच्या भिंतीवरचं वेळापत्रक आठवलं.

पांढरा कार्डशीट, त्यावर बाईंनी लाल-निळ्या स्केचपेनने आखलेल्या चौकटी. तिसऱ्या तासाखाली सोमवारच्या घरात ‘म’, मंगळवारच्या घरात ‘ध’, मग ‘ली’, ‘सु’ आणि शुक्रवारी ‘ट्टी’. शनिवारी सकाळची अर्धी शाळा, म्हणून ते घर कोरं. पाच वार, पाच अक्षरं. मला कित्येक वर्षं वाटायचं की सुट्टीचं नाव मुळात या हिशेबानेच ठेवलंय. बुधवार तर ‘ली’चाच वार. त्या दिवशी आई डब्यात साबुदाण्याची खिचडी द्यायची, तिचा वास अजून मला त्या अक्षराला येतो. का, विचारू नका.

मी बोटांवर मोजलं. रो, ज, आ, र, ती. पाच! वेळ वरच्या मथळ्यात सरकवली. ग्रिडमध्ये १ / -१, म्हणजे पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत, लिहिलं की एका ओळीत काम होतं, २०१७ पासून सगळे मोठे ब्राउझर ते निमूट ऐकतात. पण आता कोण थांबतंय? एकेका घरात एकेक अक्षर टाकलं आणि ऐटीत लिंक पाठवली.

एक गोष्ट विसरलो. मोबाइलवर रकाने एकाखाली एक यावेत, ही सोय मीच करून ठेवली होती.

दहा मिनिटांत तळमजल्यावरच्या काकांचा फोन.

“अरे, पहिल्या दिवसाखाली नुसतं ‘रो’ लिहिलंयस. बाप्पा येणार त्या दिवशी रडायचं कशाला?”